दाजींचा पांढरा चौकोन

निवड करायला बसलेला माणूस किती काळ बसून राहू शकतो, याची हद्द ज्याला पाहायची असेल त्यानं आखाडा बाळापूरला जाऊन आमच्या दाजींना गाठावं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आमच्या आक्काचे यजमान. त्यांच्या हातून आजवर एकही वाईट निवड झालेली नाही, कारण शक्यतो त्यांच्या हातून निवडच झालेली नाही. घर बांधलं तेव्हा न्हाणीघराचं दार लाकडी असावं, पत्र्याचं की फायबरचं, यावर त्यांचा विचार दोन उन्हाळे चालला होता, आणि तोवर तिथं एक निळी चादर टांगलेली होती. आत गेलेल्यानं सतत काहीतरी म्हणत राहायचं, म्हणजे बाहेरच्याला कळतं, असा त्या घरात रिवाज पडला. मी स्वतः त्या चादरीआड उभा राहून तीसपर्यंतचे पाढे म्हटलेले आहेत. विचारलं की दाजी शांतपणे म्हणायचे, "दार एकदाच बसतंय, मास्तर. घाई कशापायी?" मी हिंगोलीत शाळामास्तर आहे, आणि दाजी मला कधीच नावानं हाक मारत नाहीत.

एकदा आम्हाला गोरेगावला लग्नाला जायचं होतं. हिंगोलीत स्टँडच्या बाहेर तीन जीपा उभ्या होत्या. माझ्यासारखा माणूस समोरच्या जीपमध्ये पाय टाकतो आणि मोकळा होतो. दाजींनी एकीची चाकं पाहिली, दुसरीच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत झोप आहे का ते पाहिलं, तिसरीत जाताना ऊन कुठल्या बाजूनं लागेल याचा अंदाज घेतला. पहिली भरून गेली. दुसरी भरून गेली. तिसऱ्या जीपचा ड्रायव्हर शेवटी खाली उतरून आमच्याजवळ आला आणि म्हणाला, "काका, येता का न्हाई?" दाजी म्हणाले, "इचार करून राहिलो." तीही गेली. आम्ही पोचलो तेव्हा शेवटची पंगत उठत होती आणि नवरीची पाठवणी झालेली होती. आहेराचं पाकीट कुणाच्या हातात द्यावं, हे ठरवायला दाजींना आणखी एक पंधरा मिनिटं लागली.

आता हा स्वभाव सगळीकडे अडचणीचाच ठरतो असंही नाही. दाजी पुण्यात वीस वर्षं एका संगणकाच्या कंपनीत होते, आणि तिथं या स्वभावाला चक्क हुद्दा होता. माहिती कुठल्या साच्यात साठवावी आणि ती शोधणाऱ्यापुढं कुठल्या अवजारानं मांडावी, हे ठरवणं हेच त्यांचं काम. ते म्हणे एका खोलीत बसत, लोक त्यांना विचारायला येत, आणि ते 'ह्याचे फायदे हे, त्याचे तोटे ते' असं सांगत. शेवटचा निर्णय दुसराच कुणीतरी घेत असे. पुढं त्यांचे वडील अंथरुणाला खिळले म्हणून ते बाळापूरला आले, आणि वडील गेल्यावरही परत गेले नाहीत. माडीवरच्या खोलीत बसून कंपनीचं काम ते इथूनच करू लागले. मात्र इथं निर्णय घेणारा दुसरा माणूस नव्हता, आणि आमच्या सगळ्यांच्या दुखण्याचं मूळ तिथं आहे.

दुखणं समजायचं तर आधी आमच्या आईबद्दल सांगायला हवं. आमच्या घराण्याकडं कळमनुरीच्या एका देवळाची पूजा. त्यामुळं आसपासच्या गावांतल्या लग्नामुंजीचं आमंत्रण आमच्याकडं यायचंच, आणि आई कुठल्याच लग्नाला रिकाम्या हातानं गेली नाही. प्रत्येक लग्नात एक भांडं. कधी तांब्या, कधी वाटी, अगदीच ओढाताण असली तर पळी. पण भांड्यावर नाव टाकल्याशिवाय ती दुकानाची पायरी उतरायची नाही. दुकानदार ते कुरकुरणारं यंत्र काढायचा, भांडं मांडीवर धरून अक्षरं कोरायचा, आणि मी पिशवी धरून कंटाळून उभा. आईला लिहितावाचता बेताचंच येत होतं, पण स्वतःचं नाव ती बोटानं चाचपून पाहायची. 'यमुनाबाई यांजकडून'. काना-मात्रा हाताला लागल्या की भांडं पिशवीत. आक्काच्या लग्नात आईनं भली मोठी पितळी परात दिली. तिच्यावर कोरलं होतं, 'चि. सौ. कां. सुलोचना हिस आईकडून'. आक्का त्या परातीत पंचवीस वर्षं भाकरीचं पीठ मळत होती.

सहा वर्षांमागं आई आजारी पडली तेव्हा आक्का तिच्या उशाशी बसायला हिंगोलीला, माझ्या घरी आली. त्याच पंधरवड्यात बाळापूरच्या मारुतीचा भंडारा होता. भंडाऱ्याला घरोघरची मोठी भांडी ट्रॉलीत घालून नेतात. ट्रॉली दारात आली, गडी म्हणाले, "मोठी परात हाय का?" आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या दाजींनी विचार न करता एक गोष्ट केली. परात उचलून दिली. भंडारा झाला, भांडी परत आली, पण परात दुसरीच आली. आकार तोच, वजन तेच, आणि वर कोरलेलं, 'बाळूस मामाकडून'. बस्स. ना आडनाव, ना गाव, ना तारीख. बाळापुरात घरटी एक बाळू आहे, आणि प्रत्येकाला निदान एक मामा आहे. इकडं आई गेली. तेरावा उरकून आक्का घरी परतली, तिनं मांडणीवर हात टाकला, परातीवरची अक्षरं वाचली, आणि एक शब्द बोलली नाही. त्याच परातीत पीठ मळून तिनं भाकरी केल्या. ती भांडली असती तर दाजी सुटले असते. ती भांडली नाही, आणि दाजी अडकले.

तुम्ही म्हणाल, चार घरं हिंडून विचारायचं. तर ते आमच्याकडं जमत नाही. कुणाच्या दारात जाऊन 'आमची परात तुमच्याकडं आली का' म्हणणं म्हणजे त्या घराला चोर म्हणण्यासारखं आहे. समोरची बाई चहा देईल, मांडणी उघडून दाखवेल, आणि पुढची तीन वर्षं तुमच्या घरच्या हळदीकुंकवाला येणार नाही. म्हणून दाजींनी माडीवर तीन दिवस बसून एक तोड काढली. गावातल्या झाडून सगळ्या भांड्यांवरची नावं संगणकात घालायची. ज्याचं भांडं हरवलंय त्यानं आपल्या फोनवर चौकोनात नाव टाकायचं आणि शोधायचं. "माणसानं इचारलं की राग येतो, मास्तर," दाजी मला म्हणाले. "संगणकानं इचारलं की न्हाई येत. तुमच्या आक्काची परात मी तिच्या हातात आणून देणार, पण कुणाला तकलीफ न देता." मला त्या दिवशी ही कल्पना फार आवडली होती. दर रविवारी हिंगोलीहून बाळापूरला जाऊन हात लावायचं मी कबूल केलं, आणि तेव्हापासून माझे रविवार गेले.

पहिला प्रश्न साच्याचा. दाजींनी आधी सीएसव्ही नावाचा साधा साचा घेतला. त्यात एका ओळीत एक भांडं, नाव, निमित्त, गाव, तारीख अशा क्रमानं, आणि दोन गोष्टींच्या मध्ये स्वल्पविराम. स्वल्पविराम आला की संगणक नवा रकाना पाडतो. मी दोन गल्ल्यांतली भांडी वाचून आणली, दाजींनी ती चढवली, आणि त्यात एक पातेलं निघालं. त्यावर कोरलं होतं, 'श्री. बाबाराव, सौ. कमल, चि. पिंटू, कु. पिंकी व समस्त परिवाराकडून'. बाबाराव बरोबर जागी बसले. कमलताई निमित्ताच्या रकान्यात गेल्या, पिंटू गावाच्या रकान्यात, आणि कु. पिंकी थेट तारखेत जाऊन बसली. यावर इलाज होता, अवतरणचिन्ह घातलं की भागतं, असं दाजीच म्हणाले. पण त्यांचा त्या साच्यावरून विश्वास उडाला. "आज पिंकी गेली, उद्या काय जाईल सांगता येत न्हाई," असं म्हणून त्यांनी दोन गल्ल्या पुसून टाकल्या. माझे चार रविवार त्यात होते.

मग एक्सएमएल आला. त्यात म्हणे प्रत्येक गोष्टीला एक उघडणारी खूण आणि एक मिटणारी. गाव उघडायचं, गावात गल्ली, गल्लीत घर, घरात मांडणी, मांडणीवर भांडं, आणि मग उलट्या क्रमानं एकेक मिटत बाहेर यायचं. दाजींवर या साच्याचा इतका परिणाम झाला की स्वयंपाकघरात त्यांनी आक्काला डबे मिटण्याचा क्रम शिकवायला घेतला. शेवटी उघडलेला मिठाचा डबा आधी मिटायचा. आक्का म्हणाली, "तुमी माडीवर जाता का मी जाऊ?" ते वर गेले आणि तिथं त्यांना खरी अडचण सापडली. या साच्यात भांडं एका घराच्या पोटात असतं. आणि आमचा सगळा खटाटोप तर अशा भांड्यांसाठी, जी आहेत एकाची आणि पडली आहेत दुसऱ्याकडं. "नामदेवरावांचं घंगाळ कोंडिबाच्या न्हाणीत हाय," दाजी डोकं धरून म्हणाले. "आता ह्याला कुणाच्या घरात घालू?" या एका घंगाळापायी एक अख्खा हंगाम गेला. शिवारातली हळद निघाली, शिजली, वाळली, बाजारात गेली, तरी घंगाळ तिथंच.

त्यानंतरच्या साच्याचं नाव जेसन. हा मला सगळ्यांत बरा वाटला. प्रत्येक भांड्याला एक महिरपी कंस, आणि आत त्या भांड्याला स्वतःबद्दल जेवढं ठाऊक आहे तेवढंच लिहायचं. कुणाचं, कुणाकडून, सध्या कुठं. "ज्याला तारीख ठाऊक न्हाई त्यानं तारखेबद्दल बोलूच नये," दाजी खुशीत म्हणाले. 'कुणाकडून' हे वेगळं ठेवायचं की गाळायचं, यावर त्यांनी आठवडाभर विचार केला. परात शोधायला त्याची गरज नव्हती, कारण 'आईकडून' असं तर निम्म्या गावाच्या भांड्यांवर आहे, आणि कुणाच्या आईकडून ते भांडं सांगत नाही. आक्का चहा घेऊन वर आली होती. ती कप ठेवता ठेवता म्हणाली, "काहून गाळता? भांडं ज्यानं देलं त्याचं नाव नको व्हय? राहू द्या." ते राहिलं. या सगळ्या प्रकरणात झटकन लागलेला तो एकमेव निकाल, आणि तो दाजींचा नव्हता.

माहिती गोळा करण्याचं काम मात्र माझ्या हातातून सुटलं, आणि तेही आक्कामुळंच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिनं बायकांना एवढंच सांगितलं की भंडाऱ्यात बदललेली भांडी सापडायची सोय होऊन राहिली आहे. प्रत्येक घराचं काही ना काही हरवलेलंच होतं. जवळच्या तांड्यावरून बाजाराला येणाऱ्या जमुनाबाईंची तर लग्नातली घागर हरवली होती, त्यांनी तांड्यावरच्या झाडून सगळ्या भांड्यांचे फोटो नातीकडून काढवून पाठवले. मग बाळापुरातून फोटो, कुरुंद्याला दिलेल्या लेकीकडून फोटो, गोरेगावच्या जावेकडून फोटो. वर्षभर दाजींच्या फोनवर नुसती भांडी येत होती. एकीनं उकळत्या वरणाचं पातेलं पाठवलं. एकीनं 'निमित्त' विचारल्यावर लिहून कळवलं, 'जावेनं तोंडदेखलं देलं'. दाजींनी तेही निमित्ताच्या जागी जसंच्या तसं चढवलं. बाहेरगावची भांडी तेच वाचायचे. मी बाळापुरातल्या उरलेल्या गल्ल्या चढवायचो. नामदेवरावांचं घंगाळ त्यांना मिळालं, जमुनाबाईंची घागर मिळाली, दोन्ही दाजींनी यादीत पाहून गुपचूप फोनवर कळवली. पण सुलोचनाची परात कुणाच्याच फोटोत आली नाही.

आणि मग सुरू झाला समोरच्या बाजूचा घोळ. समोरची बाजू म्हणजे लोकांना फोनवर जे दिसतं ते. इथं दिसायचं होतं काय, तर एक पांढरं पान, त्यात एक चौकोन, आणि चौकोनाशेजारी 'शोधा' असं लिहिलेलं बटण. ते बनवायची अवजारं मात्र ढीगभर आहेत, आणि दाजींना सगळी माहीत आहेत. पहिल्यांदा त्यांनी अँग्युलर घेतलं. चार महिने खपून चौकोन उभा केला आणि मला दाखवला. मी म्हटलं, छान आहे. पुढच्या रविवारी गेलो तर त्याची नवी आवृत्ती आली होती आणि जुना चौकोन तिच्यात बसत नव्हता. मग रिॲक्ट. त्यात म्हणे चौकोन वेगळा, बटण वेगळं, सगळे सुटे भाग. पुन्हा चौकोन. मग व्ह्यू, कारण ते हलकं. पुन्हा चौकोन. मी शपथेवर सांगतो, तिन्ही चौकोन शेजारी ठेवले असते तर कुठला कोणता हे खुद्द दाजींनाही ओळखता आलं नसतं. मी थकून विचारायचो, "दाजी, ह्यात नवीन काय?" ते म्हणायचे, "वरून तसं दिसणारच. आत बघा." आत बघण्याइतकं मला कळत नाही, आणि खरं सांगतो, मला आता कळून घ्यायचंही नव्हतं. एसटीत खिडकीला डोकं टेकलं की मी झोपायचो, आणि स्वप्नातही मला तो चौकोन दिसायचा.

एक गोष्ट मात्र माझ्यासारख्या अडाण्याच्याही लक्षात आली. तिन्ही वेळा दाजी एकाच जागी थांबले होते. नाव टाकलं, शोधलं, आणि भांडं यादीत नसलं, तर पानावर काय लिहून यावं? एवढंसं काम, पण तिथं आले की ते माडीवर येरझाऱ्या घालायचे. मी भाषा शिकवतो म्हणून मला विचारायचे. "'आढळले नाही' लिहू का 'उपलब्ध नाही' लिहू?" मी म्हणायचो, नाही म्हणजे नाही, काहीही लिहा. "तसं कसं मास्तर? एखाद्यानं लई आशेनं नाव टाकलेलं असतंय." मग ते शब्द बदलायचे, मग शब्दांचा रंग बदलायचे, आणि चारआठ दिवसांत अवजारच बदलायचे. आक्का खालून म्हणायची, "तुह्या दाजीनं सहा वर्षांत एकच खिडकी बांधली, पण घरच न्हाई तिला."

या वर्षी त्यांच्या लेकीचं, अंजूचं लग्न ठरलं. मुलगा नांदेडचा, सगळं रीतसर. बैठक उठल्यावर आक्का भांडी विसळता विसळता मला म्हणाली, "आईची परात पोरीला द्यायची होती रे. माझ्या नावाखाली तिचं नाव टाकून." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्यामुळंच मला फार वाईट वाटलं. दाजी दारात उभे होते. त्यांनी ऐकलं हे मी पाहिलं. मग आक्का त्यांच्याकडं वळली, पदराला हात पुसले आणि स्वतःचा जुना, काच तडकलेला फोन त्यांच्यापुढं धरला. "ह्याच्यावर दिसलं पाह्यजे. लग्नाच्या आदी. न्हाई तर ऱ्हाऊ द्या सगळं, मला काई नको."

त्या फोनवर दाजींचं एकही अवजार चालेना. बाळापुरात रेंज आली तर येते, आणि ती सजलेली पानं उघडता उघडता फोन गरम व्हायचा. पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा दाजी ओसरीवर बसले होते, माडीवर नव्हते. त्यांनी सगळी अवजारं बाजूला ठेवून हातानं, आक्काच्या फोनवर उघडेल असं एक साधं पान लिहिलं होतं, आणि फक्त नावं शोधायला वेळ लागू नये एवढीच काळजी घेतली होती. कोरणाऱ्यानं अक्षर चुकवलं असलं तरी नाव सापडावं, अशी तजवीजही केली होती. मी विचारलं, "मग एवढी वर्षं काहून लावली?" दाजींनी आक्काला हाक मारली.

आक्का पिठाचे हात घेऊनच आली. एका बोटानं तिनं स्वतःचं नाव टाकलं, 'सुलोचना', मग 'परात', आणि शोधा दाबलं. पान लगेच उघडलं. तिनं चष्मा वर केला आणि मोठ्यानं वाचलं. "अजून मिळालं न्हाई. शोधून राहिलो."

ते शब्द कुणाचे आहेत हे तिला कळायला वेळ लागला नाही. ही काही संगणकाची भाषा नव्हती. सहा वर्षं तिच्यासमोर जे तोंडून निघालं नव्हतं ते दाजींनी त्या पानावर लिहून ठेवलं होतं. आणि मलाही त्या वेळी कळलं की हा माणूस अवजार निवडतच नव्हता. फोटो सगळे त्यांच्याच हातून गेले होते. परात यादीत नाही हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. चौकोन पुरा झाला की आक्का पहिलं नाव कुठलं टाकणार हेही ठाऊक होतं. मी इतके रविवार त्यांच्यावर चिडत आलो होतो, त्याची मला लाज वाटली.

आक्का म्हणाली, "बरं." मग काय मनात आलं कुणास ठाऊक, तिनं परत तो चौकोन रिकामा केला आणि आईचं नाव टाकलं. यमुनाबाई.

पान उघडलं आणि खाली सरकतच राहिलं. तांब्या, कुरुंदा, यमुनाबाई यांजकडून. वाटी, गोरेगाव, यमुनाबाई यांजकडून. फुलपात्र, पुन्हा कुरुंदा. डबा, तांडा, जमुनाबाईंच्या सुनेकडं. पळी. आणखी एक पळी. चौदा भांडी होती. आक्का एकेक वाचत गेली, आणि प्रत्येकाला तिला लग्न आठवत होतं. "हा तांब्या तर तू हट्ट करून पिशवीत धरला व्हता," ती मला म्हणाली. "ह्या डब्याच्या टायमाला आईला ताप व्हता, तरी नाव टाकायला गेली." चौदा स्वयंपाकघरांत आमची आई रोज कुणाच्या ना कुणाच्या हाताला लागत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. आक्काला रडू आलं, मला आलं, आणि पिठाचा हात तिनं तसाच डोळ्याला लावला.

दाजी खाली मान घालून बसले होते. आक्का म्हणाली, "तुमाला ठाऊक व्हतं ह्ये?" ते म्हणाले, "दोन वर्षं झाली. पर परात सापडल्याबिगर कोण्या तोंडानं दाखवावं?" आक्कानं त्यांच्याकडं पाहिलं, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्यावर चिडली. चांगली मोठ्यानं चिडली. "येडे हाव का तुमी? दोन वर्षं माजी आई खिशात घेऊन हिंडले!" शेजारच्या बाईनं भिंतीवरून डोकावून पाहिलं. दाजी ऐकून घेत होते, आणि त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा होत गेला. मग त्यांनी भीत भीत विचारलं, "त्या घरांला फोन करू का? एखादं भांडं मागून घेऊ?" आक्का म्हणाली, "कुणाला काई मागू नका. हायेत तिथं बराबर हायेत."

पंधरवड्यानं आम्ही तिघं हिंगोलीला भांड्यांच्या दुकानात गेलो. अंजूसाठी नवी पितळी परात घेतली. नाव टाकणाऱ्यानं यंत्र काढलं आणि विचारलं, काय लिहू? आक्का म्हणाली, "अंजूस यमुनाबाई यांजकडून." त्यानं विचारलं, कैलासवासी लिहायचं का? आक्का म्हणाली, "न्हाई. नुसतं यमुनाबाई." मग त्यानं दाजींकडं पाहिलं. अक्षर बारीक घालू की मोठं? मी सवयीनं शेजारचं स्टूल ओढलं आणि बसून घेतलं, कारण आता तास दोन तास तरी जाणार होते.

"मोठं," दाजी म्हणाले. लगेच म्हणाले. यंत्र कुरकुरायला लागलं, आणि मी स्टुलावरून उठून पिशवी धरून उभा राहिलो. कोरून झाल्यावर आक्कानं अक्षरांवरून बोट फिरवलं.

बाळूच्या मामाची परात अजून आक्काच्या मांडणीवर आहे, आणि तिचा धनी सापडलेला नाही. दाजी कुठलं तरी नवं अवजार आलंय म्हणून परत माडीवर जाऊन बसतात, आणि मी परत रविवारी एसटीत डोकं टेकून झोपतो. फक्त आता शाळेच्या मधल्या सुट्टीत कधी फार थकल्यासारखं वाटलं, तर मी फोन काढतो आणि त्या पांढऱ्या चौकोनात आईचं नाव टाकतो. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा चौदा भांडी होती. आता पंधरा आहेत, आणि पंधराव्यापुढं लिहिलंय, सध्या कुठं, नांदेड.